खूण

गियर टाकला की खालून एक टण्ण,
मग थरथर, मग काहीच नाही.
जूनपासून असंच.
मी म्हणायचे, रस्त्यावरचा दगड उडाला असेल.
दगड रोज त्याच वळणावर कसा उडेल,
हे मला कळत नव्हतं असं नाही.

एरिमोच्या किनाऱ्यावर गाड्या म्हाताऱ्या होत नाहीत,
विरघळतात.
आमची सुझुकी एकतीस वर्षांची. चारही चाकं ओढते,
म्हणजे ओढायची.
लाटेच्या तोंडाशी उलटी न्यायची,
ओल्या कोंबूचे भारे मागे टाकायचे,
भाऱ्यांतला समुद्र ठिबकत राहायचा खालच्या लोखंडावर.
संध्याकाळी गोड्या पाण्याने तिचं पोट धुवायचं, हा नेम.
नेम मोडायला एक दमलेली संध्याकाळ पुरते.
आमच्याकडे तशा पुष्कळ झाल्या.

नवरा ओबिहिरोच्या इस्पितळात, मणका सरकलेला.
फोनवर म्हणाला, दादाला बोलाव.
मी म्हटलं, बरं.
आणि नाही बोलावलं.
सात वर्षं झाली त्या खडीच्या पट्टीला,
कोंबू वाळवायची खडी, अर्धी त्याची, अर्धी आमची.
मधली दोरी दोन विती कुणी सरकवली
हे दोन्ही घरांना पक्कं ठाऊक आहे.

गेन्जिरो आपणच आला.
टण्ण त्याच्याच दारावरून जायचं ना रोज.
टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला, बूट तेवढे बाहेर.
बूट म्हणाले, "शाफ्ट गेलाय."

मग मीही आडवी झाले पलीकडून, पुठ्ठ्यावर,
डोक्याला डोकं लागेल इतक्यात.
शाफ्टवर गंजाचे पापुद्रे;
नखाने एक काढला, तर खाली दुसरा, जास्त लाल.
ग्रीस भरायचं बोंड मिठाने बुजलेलं.
जॉइंटचा क्रॉस हलतोय, जिथे हलू नये तिथे,
आणि जिथे सरकायला हवं,
एका नळीत दुसरी,
खड्ड्याला बाहेर, उंचवट्याला आत,
तिथे दोघी घट्ट. हातोड्यालाही ऐकेनात.

"पांढरा रंग?"
नव्हता. मुलीची नखं रंगवायची बाटली सापडली, गुलाबी.
त्याने दोन्हींवरून मिळून एक रेघ ओढली.
"सोडवायच्या आधी खूण करावी. परत लावताना
एक दात चुकला, तरी जन्मभर थरथरते."
सात वर्षांतलं त्याचं हे सर्वांत लांब बोलणं.

चार बोल्ट. तो धरायचा, मी पिळायची.
दोन सुटले. तिसऱ्याचे कोपरे गोल झाले.
चौथा तुटला,
आणि आम्ही दोघं एकदमच शिवी हासडली, एकच.
तेल पाजलं. रात्रभर मुरू दे, म्हणाला,
मुळ्याच्या लोणच्याला सांगावं तसं.

पहाटे टेकडीवर पांढरं निशाण चढलं.
आज समुद्र मोकळा, आज होड्या सोडा.
खाली सगळ्यांची इंजिनं एकामागून एक सुरू झाली.
त्याची होडीही तिथेच होती, वाळूवर.
निशाणाकडे बघितलं त्याने, बराच वेळ.
मग पुन्हा खाली सरकला.
"ज्योत पेटव. नळीला नको, फक्त बाहेरच्या कड्याला."

नवव्या की दहाव्या ठोक्याला
आतून एक किरटा आवाज आला,
नळी बोटभर सरकली.
पुढच्या ठोक्याला दोन्ही वेगळ्या,
त्याच्या हातात एक, माझ्या हातात एक.
आतले दात मात्र अजून चकचकीत होते, निदान अर्धे.

नवा क्रॉस हिरोओहून आला, चार दिवसांनी.
गुलाबीला गुलाबी भिडवली, बोंड भरलं,
कडेने ग्रीस फुटेपर्यंत.

आता टण्ण नाही.
दोरी तिथेच आहे. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
थोडी थरथर उरलीय, साठच्या पुढे गेलं की.
तो म्हणतो, तेवढी राहणार.
मी म्हटलं, राहू दे.
इथे साठच्या पुढे जायला रस्ता कुठे आहे.